एकाच भोकात जाणारी पेलेट शोधताना

माझ्या एअर रायफलला कुठली पेलेट (तिच्यात घालायची छोटी गोळी, बहुतेक शिशाची) चालते हे शोधायला मी जे जे केलं ते एकदा नीट लिहून काढायचं होतं, कारण कोणी "चांगली पेलेट सांग ना एखादी" म्हणालं की एका ओळीत उत्तर देताच येत नाही आणि नाव सांगितलं तरी ती समोरच्याच्या रायफलमध्ये तशीच चालेल याची काडीचीही गॅरंटी नाही. माझी रायफल १० मीटरची, कॉम्प्रेस्ड एअरवाली, नळीचं माप .१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी. घरात दादाची स्प्रिंगवाली ५.५ मिमी पण आहे, तिची तऱ्हा वेगळीच, ती पुढे येईल.

सुरुवात मी पेलेटपासून केलीच नाही. नेमबाजीचे सर म्हणाले, "अगं आधी तुझा स्वतःचा ग्रुप केवढा पडतो ते मोज, मग डब्या गोळा करत बस." ग्रुप म्हणजे एकामागून एक मारलेले शॉट टार्गेटवर केवढ्या जागेत पसरतात ते. जरा टोचलं, पण घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा पटलं. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो आणि तिथून पुढे प्रत्येक रिंग २.५ मिमीने लांब जाते. पेलेटची नुसती कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतो, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत पडला पाहिजे. डेसिमल स्कोअरिंगमध्ये तेच २.५ मिमी १०.० ते १०.९ असे वाटून दिलेत, दर ०.२५ मिमीला एक दशांश. आता समजा उभं राहून मारताना माझा हात १० मिमीचा ग्रुप देतो आणि पेलेट स्वतःच्या वतीने २ मिमी पसरते. या दोघांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते, १०० अधिक ४ आणि त्याचं वर्गमूळ, आले १०.२ मिमी. आता जगातली सगळ्यात भारी पेलेट आणून तो २ चा १ मिमी केला तरी १०.०५. म्हणजे काहीच हाती लागलं नाही. पण हात ४ मिमीवर आला असेल तर २ मिमीवाली पेलेट ४.४७ देते आणि १ मिमीवाली ४.१२, आणि इथे मात्र ६० शॉटच्या मॅचमध्ये, जिथे जास्तीत जास्त ६५४.० होतात, दर शॉटमागे थोडं थोडं गळत राहतं ते शेवटी बेरजेत दिसतं.

याचा अर्थ नवीन मुलांनी काहीही भंगार वापरावं असा नाही हं. पेलेट भरवशाची असली की आठ पडला तर तो आपल्यामुळे पडला हे कळतं, नाहीतर प्रत्येक खराब शॉटला "पेलेट असेल" म्हणायची सवय लागते आणि ती सवय ग्रुपपेक्षा जास्त नुकसान करते. पण पेलेट टेस्टिंगमध्ये किती जीव घालायचा हे हाताच्या ग्रुपवरून ठरवावं एवढंच. माझा हात त्या वेळी अशा ठिकाणी आला होता की करून बघण्यात अर्थ होता.

पेलेटची रचना थोडक्यात सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पुढे हेड, मधे बारीक कंबर आणि मागे पोकळ स्कर्ट. हेड रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) कडांवर टेकून नळीत सरळ चालतं, स्कर्ट पातळ शिशाचा असल्यामुळे हवेच्या दाबाने बाहेर दाबला जातो आणि मागची हवा पुढे निसटू देत नाही. वजन पुढे, मागे पोकळ, त्यामुळे बॅडमिंटनच्या फुलासारखी ती हवेत तोंड पुढे ठेवून जाते, आणि रायफलिंगने दिलेली फिरकी वर. यात हेड वाकडं, किंवा वजन एका बाजूला जास्त, किंवा स्कर्टची कड एकीकडे दाबलेली, असं काही असलं की नळीतून बाहेर पडताना ती किंचित बाजूला ढकलली जाते. किती बाजूला ते नशीब, आणि कन्सिस्टंट पेलेट हवी म्हणजे हे नशीब कमीत कमी करायचं.

डबीवर चार गोष्टी वाचायच्या, कॅलिबर, वजन, हेड साईज आणि लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर). पहिल्या दोन सगळे वाचतात. वजन ग्रॅममध्ये किंवा ग्रेनमध्ये असतं, १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. उदाहरणार्थ आरडब्ल्यूएस कंपनीची आर१० रायफलसाठी ०.५३ ग्रॅमची येते म्हणजे ८.२ ग्रेन, आणि पिस्तूलवाली ०.४५ ग्रॅमची म्हणजे ७.० ग्रेन. हेड साईज ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ अशी, दर पायरी ०.०१ मिमी. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो, त्यावरून अंदाज करा आपण कसल्या फरकाच्या मागे लागलोय. लॉट नंबर मात्र कोणी वाचत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच, का ते पुढे सांगते.

मग डब्या गोळा केल्या. आर१०, एच अँड एनची फिनाले मॅच, जेएसबीच्या मॅच पेलेट्स, आणि दोन-तीन साध्या प्रॅक्टिसच्या. सगळ्या चपट्या तोंडाच्या, वॅडकटर. १० मीटरला चपटंच तोंड वापरतात कारण ते कागदात पंचने कापल्यासारखं गोल स्वच्छ भोक पाडतं आणि कड कुठे आहे यावर वाद होत नाही. गोल तोंडाची पेलेट कागद फाडत जाते, भोक लहान दिसतं. ५००-५००च्या पूर्ण डब्या घ्यायची गरज नव्हती, रेंजवर प्रत्येकाकडे काही ना काही असतंच, थोड्या थोड्या अदलाबदली करून घेतल्या आणि प्रत्येक पुडीवर ब्रँड, हेड साईज, लॉट असं लगेच लिहून ठेवलं. लिहून ठेवणं आलंच पाहिजे, शिशाची पेलेट एकदा पुडीबाहेर आली की कुठली कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

रेस्टचं, म्हणजे हाताऐवजी रायफल टेकवून मारायच्या आधाराचं, काम मी समजले होते त्यापेक्षा किचकट निघालं. आदर्श म्हणजे रायफलचं अ‍ॅक्शन (नळी ज्याला जोडलेली असते तो धातूचा भाग) शिकंज्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पक्कं आवळून मारायचं, कंपन्या तसंच करतात, माणूस मधे नाहीच. माझ्याकडे तसला क्लॅम्प नव्हता म्हणून जड टेबल, पुढे वाळूची पिशवी, मागे बटखाली (खांद्याला टेकतं त्या टोकाखाली) दुसरी छोटी पिशवी. स्टॉकवर चिकटपट्टीची खूण केली म्हणजे दर वेळी पिशवी त्याच जागी टेकेल. गाल हलका टेकवायचा, आणि ट्रिगर हळू. पेलेट बदलण्याआधी एकाच पेलेटने बराच वेळ मारत बसले, पेलेट तपासायला नाही, स्वतःला आणि टेबलला तपासायला. टेबल हलतंय का, पिशवी दर शॉटला सरकते का, सिलिंडरमधला दाब उतरला की ग्रुप खाली सरकतो का. रेग्युलेटर (दर शॉटला सारखाच दाब सोडणारा भाग) असल्यामुळे बराच वेळ काही फरक पडत नाही पण गेज लालच्या जवळ आला की पडतो, म्हणून टेस्टिंगच्या दिवशी मी अर्ध्यावर आल्यावर भरूनच घ्यायचे. ही कंटाळवाणी पायरी वगळली तर पुढचे सगळे आकडे पेलेटचे की टेबलचे हे कळतच नाही.

बॅरल साफ करणं हा एक वेगळा वादाचा विषय आहे त्यात मी फार पडत नाही. मी फेल्टचे तुकडे वापरते, ब्रीचकडून (पेलेट भरायच्या बाजूकडून) तोंडाकडे ढकलत, कारण पेलेट त्याच दिशेने जाते आणि तोंडाकडून सळई घातली तर क्राऊन म्हणजे नळीची शेवटची कड खरवडायची भीती, आणि ती कड बिघडली की मग कुठलीही पेलेट घ्या. साफ केल्यावर लगेच ग्रुप मोजायला जाऊ नका. स्वच्छ नळीतून पहिले काही शॉट इकडे तिकडे जातात, शिशाचा आणि पेलेटवरच्या तेला-ग्रॅफाइटचा बारीक थर बसला की मगच ती शांत होते. ब्रँड बदलल्यावर पण तेच, कारण प्रत्येकाचं शिसं आणि वरचं लुब्रिकेशन वेगळं. मी प्रत्येक बदलानंतर आधी टार्गेटच्या पाठीमागच्या ट्रॅपमध्ये (पेलेट अडवणाऱ्या पेटीत) तशाच सोडून द्यायचे, ग्रुप एका जागी पडायला लागला की मग मोजायला सुरुवात.

आता खरी मेख. सगळे करतात तसं मी पण पहिल्या फेरीत प्रत्येक पेलेटचे ५ शॉट मारून कॅलिपरने ग्रुप मोजले. मोजायची पद्धत अशी की सगळ्या भोकांची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजायची आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करायचा, म्हणजे दोन सगळ्यात लांबच्या शॉटमधलं मध्य ते मध्य अंतर मिळतं. वजा करायला ४.५ न घेता त्याच कागदावर एक सुटा शॉट मारून त्याचं भोक मोजलेलं बरं, कागद थोडा आत येतो. तर पहिल्या फेरीत एका पेलेटने असा काही ग्रुप दिला की मी खुश, एकच भोक, आजूबाजूला कडसुद्धा दिसत नव्हती. दुसऱ्या फेरीत तीच पेलेट, तीच डबी, तेच सगळं, आणि ग्रुप जवळजवळ दुप्पट. पहिल्या फेरीत मागे पडलेली एक साधी पेलेट दुसऱ्यांदा पहिली आली.

यात रायफलचा, पेलेटचा, माझा कुणाचाच दोष नाही, हे निव्वळ आकड्यांचं वागणं आहे. ५ शॉटचा ग्रुप म्हणजे फक्त दोन टोकांच्या शॉटचं अंतर, मधल्या तिघांचं मत विचारलंच जात नाही. शॉट जर सगळीकडे सारखेच पसरत असतील तर काहीही न बदलता एक ५ शॉटचा ग्रुप दुसऱ्याच्या दुप्पट येणं ही रोजची गोष्ट आहे. ३ शॉटचा ग्रुप सरासरी ५ शॉटच्या ग्रुपच्या साधारण ०.८ पट येतो, १० शॉटचा साधारण सव्वापट. म्हणून कोणी ३ शॉटच्या ग्रुपचा फोटो दाखवून "बघ एकच भोक" म्हणालं की मी छान म्हणते आणि विषय बदलते. आणि पंचवीस ग्रुप मारून त्यातला सगळ्यात बारीक दाखवला तर तो पेलेटबद्दल काहीच सांगत नाही, चिकाटीबद्दल सांगतो.

त्यावर उपाय दोन, जास्त शॉट आणि जास्त चांगलं माप. मी १०-१० शॉटचे ग्रुप सुरू केले आणि एका पेलेटचे निदान पाच तरी ग्रुप पडल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं, आणि सरासरी घेताना वाईट ग्रुप पण धरायचा. "तो एक फ्लायर होता, तो सोडून बघ" हे वाक्य पेलेट टेस्टिंगमध्ये बंद, कारण फ्लायर म्हणजे ग्रुपबाहेर भलतीकडे गेलेले शॉट किती येतात हेच तर शोधतोय आपण, मॅचमध्ये पॅनलवाले फ्लायर सोडून मोजत नाहीत. हां, ट्रिगर ओढताना मला स्वतःला कळलं की धक्का लागला तर तो शॉट कुठे पडला हे बघायच्या आधी तसं बोलायचं, पडल्यावर बघून ठरवायचं नाही.

दुसरं माप म्हणजे ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक शॉटचं अंतर काढून त्याची सरासरी, मीन रेडियस. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर प्रत्येक शॉटचे आडवे-उभे आकडे मिळतात, ते स्प्रेडशीटमध्ये टाकले की दोन मिनिटांचं काम. यात दहाच्या दहा शॉटचं मत धरलं जातं त्यामुळे आकडा फार कमी नाचतो. कागदावर हे करणं अवघड, कारण १० मॅच पेलेट्स एकाच भोकात गेल्या की आतल्या कुठे आहेत दिसतच नाही. ज्यांच्याकडे फक्त कागद आहे त्यांनी ग्रुपची संख्या वाढवावी, त्याला पर्याय नाही.

अजून दोन गोष्टी केल्या ज्या मला वाटतं सगळ्यांनी कराव्यात. एक म्हणजे ओळीने अ पेलेटचे सगळे ग्रुप, मग ‘ब’चे सगळे, असं नाही मारायचं. सकाळी डोळे ताजे असतात, दुपारी थकतात, मग शेवटची पेलेट उगाच मार खाते. आधी सगळ्यांचा एक-एक ग्रुप, परत पहिल्यापासून, आणि पुढच्या वेळी उलट क्रमाने. ब्रँड बदलताना मधे थर बसवायचे शॉट मारावे लागतात म्हणून वेळ खूप जातो, पण एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या हेड साईज तपासताना तेवढं लागत नाही. दुसरी गोष्ट, मैत्रिणीला सांगून पेलेट्स नुसते आकडे टाकलेल्या वाट्यांमध्ये काढून घेतल्या, कुठल्या वाटीत काय ते तिच्या वहीत. महागडी पेलेट लोड करताना आपण नकळत जास्त सांभाळून मारतो, रेस्टवरूनसुद्धा. नाव माहीत नसलं की सगळ्यांना सारखीच वागणूक.

निकाल काय आला? सगळ्यात महाग डबी पहिली आली नाही, तिसरी आली, आणि दुसरी-तिसरीत खरं तर फरक सांगण्याएवढा नव्हता. पहिल्या आलेल्या ब्रँडमध्ये ४.४९ आणि ४.५० एकमेकांपासून वेगळ्या काढता येईनात, ४.५२ मात्र स्पष्ट पसरली, आणि ती लोड करताना अंगठ्याला घट्टही लागत होती. पण घट्ट किंवा सैल लागण्यावरून निवड करू नका, कारण दुसऱ्या ब्रँडची एक पेलेट ब्रीचमध्ये अगदी अलगद जाते आणि ग्रुप सुरेख देते. शिवाय एका ब्रँडची ४.५० आणि दुसऱ्याची ४.५० प्रत्यक्षात सारखी असेलच असं नाही, छापलेला आकडा हा त्या त्या कंपनीतल्या पायऱ्या ओळखायला, बाहेर तुलना करायला नाही. प्रॅक्टिसच्या साध्या पेलेट्स बहुतेक शॉट मध्यावर टाकतात आणि मधेच एखादा बाहेर फेकतात, सरासरी बघितली तर बऱ्या वाटतात, पण तो एखादाच नडतो.

लॉटचं म्हणाले होते ना. पहिल्या आलेल्या पेलेटचीच, त्याच हेड साईजची, दुसऱ्या लॉटची डबी मिळाली म्हणून तीही रांगेत लावली, आणि ती साध्या पेलेटच्या थोडीच वर आली. ब्रँड तोच, झाकण तेच, आकडा तोच. साचे झिजतात, बदलतात, शिशाची तार बदलते, आणि कंपनीच्या दृष्टीने दोन्ही डब्या पासच असतात, फक्त माझ्या नळीला एक आवडते आणि एक नाही. म्हणून "अमुक पेलेट माझ्या रायफलमध्ये बेस्ट" हे वाक्य अर्धवट आहे, अमुक लॉटची असं म्हणायला हवं. वरच्या पातळीवरचे नेमबाज रायफल घेऊन टेस्टिंग रेंजवर जातात आणि लॉट निवडून साठा उचलतात तो याचसाठी, तो नखरा नाही.

वजनाचं आता. पेलेट्स तोलून वेगवेगळ्या करायच्या हे काहींना फार आवडतं, मला पण आवडलं, मिलिग्रॅमचा काटा, समोर डबी, गाणी लावायची आणि बसायचं. मॅचच्या डबीत बहुतेक सगळ्या एकमेकींच्या दोन-तीन मिलिग्रॅममध्ये होत्या, साध्या डबीत फरक कितीतरी जास्त. पण याने १० मीटरवर किती फरक पडतो ते कागदावर मांडून बघितलं. मॅच रायफल पेलेटला साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेग देते, म्हणजे १० मीटर जायला ०.०६ सेकंद, तेवढ्या वेळात ती साधारण १८ मिमी खाली पडते. पेलेट १ टक्का जड, म्हणजे ०.५३ ग्रॅमला ५ मिलिग्रॅम जास्त, तर हवेची ताकद तीच धरून वेग अर्धा टक्का कमी, पडणं १ टक्का जास्त, म्हणजे ०.१८ मिमी. एका दशांशाची रुंदी ०.२५ मिमी. म्हणजे मॅचच्या डबीतला दोन-तीन मिलिग्रॅमचा फरक दशांशाच्या निम्म्यालाही पुरत नाही. त्यामुळे तोलायचं ते एवढ्यासाठीच की एखादी भलतीच हलकी सापडली तर आत पोकळी असेल, ती बाहेर काढायची. ५० मीटरवर गोष्ट वेगळी, वेळ पाचपट म्हणून पडणं पंचवीसपट, तोच १ टक्का तिथे साडेचार मिमी होतो, आणि हवेच्या विरोधाने वेग कमी होत जातो तो धरला तर अजून जास्त. लांबचं मारणाऱ्यांनी जरूर तोलावं.

डोळ्यांनी बघणं मला वजनापेक्षा कामाचं वाटलं. चांगल्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ओतून, स्कर्टची कड गोल आहे का, हेडवर ओरखडा किंवा शिशाचा कुसळासारखा तुकडा चिकटलाय का. हे करता करता कुतूहल म्हणून चांगल्या पेलेट्सचे स्कर्ट मुद्दाम थोडे दाबून मारून बघितले. किंचित दाबलेले माझ्या रायफलमध्ये ग्रुपमध्येच गेले, आत ढकलताना आणि हवेच्या दाबाने ते पुन्हा गोल होत असावेत. चांगले चेमटवलेले मात्र बाहेर. आणि हेडच्या कडेला नखाने खाच पाडलेल्या सगळ्यात वाईट गेल्या. म्हणून आता स्कर्टवर फार वेळ घालवत नाही, हेड बघते. हेड मोजायला भोकं पाडलेली पट्टी मिळते, कुठल्या भोकात अडकते त्यावरून साईज, तीही वापरून बघितली, एका डबीत दोन-दोन साईज मिसळलेल्या निघतात हे त्यावरून कळतं, पण पूर्ण डबी मोजायला जो वेळ लागतो तेवढ्यात माझं होल्डिंग (रायफल धरून स्थिर उभं राहायचा सराव) होऊन जातं.

पेलेट्स साबणाच्या पाण्यात धुवून परत तेल लावायचं असंही करतात. काळेपणा निघतो, शिशाची भुकटी निघते हे खरं, पण ओल्या पेलेट्स चाळताना एकमेकींवर आपटतात आणि सुकल्या नाहीत तर पांढरी पावडर धरते. माझ्या ग्रुपमध्ये काही फरक दिसला नाही, सोडून दिलं. कॉम्प्रेस्ड एअरच्या रायफलमध्ये हवेच्या वाटेला साधं पेट्रोलियम तेल जाऊ देऊ नये हे मात्र पक्कं, जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

दादाच्या स्प्रिंग रायफलवर हाच सगळा प्रकार चालत नाही. तिला वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबून धरलं की ग्रुप फाटतो, कारण पेलेट नळीत असतानाच आतलं पिस्टन धावत असतं, रायफल आधी मागे मग पुढे उडते, आणि तिला दर वेळी सारखंच उडू दिलं तरच शॉट एका जागी जातात. म्हणून पुढचा हात पिशवीवर उताणा ठेवून त्यावर रायफल नुसती टेकवायची, आवळायची नाही, खांद्यालाही जेमतेम लावायची. त्यात हात किती पुढे आहे यानेसुद्धा ग्रुप बदलतो, त्यामुळे आधी हाताची जागा ठरवायची मग पेलेट. दादाला ३०-४० मीटर मारायचं असतं. २० मीटरच्या आत चपट्या आणि गोल तोंडाच्या दोन्ही चालल्या, पुढे चपट्या झपाट्याने पसरायला लागल्या, हवा त्यांना फार अडवते. जेएसबी एक्झॅक्ट जंबो, गोल तोंडाची, १.०३० ग्रॅम, तिने तिथे चांगलं धरलं. टोकदार पेलेट दिसायला जहाल पण टोक नेमकं मध्यावर बसवणं कंपनीलाच अवघड जातं, दादाच्या रायफलमध्ये शेवटच्या नंबरला. बिनशिशाच्या हलक्या पेलेट्सनी वेग भरपूर दिला, आवाजही, ग्रुप नाही, त्या कडक असतात आणि रायफलिंग नीट धरत नाहीत असं दिसलं. आवाजाचा वेग साधारण ३४० मीटर प्रति सेकंद, पेलेट त्याच्या जवळपास गेली की डळमळते, तेव्हा डबीवर वेगाचे मोठे आकडे बघून भुलू नये. आणि स्प्रिंगवाल्यात पेलेटला तेल जास्त लागलं तर ते आत जळून धूर निघतो, शॉट वर खाली होतात, ग्रुपचं काही खरं राहत नाही.

शेवटी जो लॉट आवडला त्याच्या जेवढ्या डब्या मिळाल्या तेवढ्या घेतल्या. डब्या कोरड्या जागी, झाकणाखाली स्पंजचा तुकडा टाकून, म्हणजे पिशवीत हिंदकळून पेलेट्स एकमेकींना ठेचत नाहीत. हाताळून झालं की हात साबणाने धुवायचे, मारता मारता काही खायचं नाही, आणि लोड करायच्या आधी पेलेट ओठात धरायची काही जणांची जी सवय आहे ती बघून माझ्या अंगावर काटा येतो, शिसं आहे ते. मागे पडलेल्या पेलेट्स फुकट जात नाहीत, उभं राहून होल्ड आणि ट्रिगरचा सराव करताना त्याच वापरते, तिथे अर्ध्या मिमीचं कोणाला पडलंय.

आवडलेल्या लॉटची एक डबी मात्र सरावाला न काढता कपाटात वेगळी ठेवलीये, तारीख आणि त्या वेळचा रेस्टवरचा मीन रेडियस वर लिहून. उद्या ग्रुप उघडायला लागला तर त्या डबीतल्या पेलेट्स रेस्टवरून मारायच्या, त्यांचा आकडा तोच आला तर नवीन पेलेट्समध्ये गडबड, त्यांचाही बिघडला तर क्राऊन, रेग्युलेटर, सील यांच्याकडे बघायचं. नवीन लॉट तपासतानाही तीच डबी रांगेत एक वाटी म्हणून लावते, म्हणजे मागच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना न करता त्याच दिवशी, त्याच टेबलावर, दोघींना शेजारी शेजारी मारून बघता येतं.